शेवटचा हात

त्याला सगळे फिनिशिंग म्हणतात. आईबापांनी चांगलं नाव ठेवलं होतं, ते मतदारयादीत असेल. मी त्याच्याबरोबर चौदा वर्षं काम केलं, पण ते नाव आठवायला मलासुद्धा क्षणभर थांबावं लागतं. फिनिशिंग हे नाव मीच पाडलं. मी ते कौतुकानं पाडलं असं तो आजही समजतो. समजू दे बापडा.

आमचं पाट्या रंगवायचं वर्कशॉप होतं. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या पाट्या, आणि फाटकाफाटकावर लावायच्या 'येथे वाहन उभे करू नये' अशा. मालक काम आणायचे आणि ते तीन हातांत वाटलेलं असायचं. पहिला हात आखणीचा. खडूची भुकटी लावलेली दोरी पत्र्यावर ताणून झटकायची, सरळ रेघ उमटवायची आणि त्या रेघेवर खडूनं अक्षरं बसवायची. कुठलं अक्षर किती रुंद, कुठं किती मोकळी जागा, हे सगळं डोक्यात. तो हात माझा. दुसरा हात भरणीचा, आत रंग भरायचा. ते कुणीही करतो. तिसरा हात शेवटचा. अक्षराला एका बाजूनं उजेड द्यायचा, दुसऱ्या बाजूनं सावली, आणि वर पांढऱ्या रंगाची केसाएवढी चमक. तो हात त्याचा. एकोणिसाव्या वर्षी आला आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं एका औषधाच्या दुकानाच्या पाटीला अशी चमक दिली की मालक दहा पावलं मागं जाऊन बघत उभे राहिले. मी मागं गेलो नाही.

आमच्याकडे एक पद्धत होती, मालकांच्या वडिलांनी घातलेली. ज्याचा शेवटचा हात, त्याची सही. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात, नखाएवढी. कारण साधं होतं. रंग ओघळला, पापुद्रा निघाला, तर कुणाची मानगूट धरायची ते कळावं. तो मान नव्हता, फक्त जबाबदारी होती. पण हे फिनिशिंगला कुणी समजावून सांगितलं नाही आणि विचारावं एवढी अक्कल त्याला नव्हती. तो आपला प्रत्येक पाटीवर जीभ बाहेर काढून सही करायचा. लोक अक्षरांचं वळण बघून थांबायचे, खाली वाकून सही वाचायचे आणि त्याचा पत्ता विचारायचे. मला राग येत नव्हता असं म्हटलं तर ते खोटं होईल. आयत्या बिळावर नागोबा बसला होता, आणि बीळ माझं होतं.

पुढं फ्लेक्स आलं. तासाभरात यंत्रातून पाटी छापून निघायला लागली, तिला ना आखणी लागे ना सावली. मालकांनी कुलूप लावलं. मी घरांच्या भिंती रंगवायला लागलो. फिनिशिंगनं क्लास काढला.

क्लास कसला, तर चित्रकलेच्या कॉलेजात प्रवेश घेणाऱ्या मुलांचा पोर्टफोलिओ तयार करून देण्याचा. पोर्टफोलिओ म्हणजे आपण काढलेल्या चित्रांचा गठ्ठा. तो घेऊन मुलाखतीला जायचं, आणि तिथली मंडळी तो चाळून तुम्ही चित्रकार व्हायच्या लायकीचे आहात की नाही ते दहा मिनिटांत ठरवणार. ज्या माणसानं आयुष्यात एकही चित्र सुरू केलं नाही, तो दुसऱ्यांना चित्रं शिकवायला बसला. आणि गिऱ्हाइकं आली. येणारच. आईबापांना शिक्षण नको असतं, प्रवेश हवा असतो.

मी एकदा दुपारभर तो क्लास बघितला आहे. खालच्या मजल्यावरची खोली, छताला एक पिवळा बल्ब डाव्या अंगाला टांगलेला. मधोमध स्टुलावर तांब्याची जुनी किटली, दोन लिंबं आणि दुमडलेला टॉवेल. भोवती बारा पोरं बसलेली. ती जमेल तशी किटली काढायची. कुणाची बसकी, कुणाची कलती, एकाची तर टोपी घातलेल्या पोलिसासारखी. मग सर यायचे. पोरगं बाजूला सरकायचं, सर त्याच्या जागी बसायचे, आणि गडद पेन्सिल, रबराचा गोळा, पांढरं पेन या तीन हत्यारांनी पंधरा मिनिटांत त्या कागदावर अशी किटली चमकवायचे की तिच्यात तोंड बघावं. पोरगं तोवर मोबाईल बघायचं. शेजारच्या खोलीत आया बसलेल्या असत. त्यांना कागद दाखवला की त्या म्हणायच्या, "किती सुधारला हो." हो, सुधारलाच. सरांचा हात सुधारत होता.

शिवाय बल्ब डावीकडे, त्यामुळे सगळ्या चित्रांत उजेड डावीकडून. किटलीचं ठीक आहे. पण मनानं काढलेल्या बाजारातही उजेड डावीकडून, स्टेशनातही डावीकडून, आणि एका पोरीनं समुद्रावरचं भर दुपारचं ऊन काढलं तर तेसुद्धा डावीकडून. त्या क्लासातला सूर्य साठ वॅटचा होता आणि एकाच खिळ्याला टांगलेला होता.

मुलाखतीची उत्तरंही तयार असत. किटलीच का काढलीस असं विचारलं तर काय सांगायचं, ते त्यानं सगळ्यांना वहीत उतरवून दिलं होतं. ही किटली रिकामी आहे, पण तिच्यात पूर्वीच्या उकळण्याची आठवण आहे. मला वस्तूंमधलं माणसाचं एकटेपण शोधायचं आहे. हे त्याला कुठल्यातरी प्रदर्शनाच्या पत्रकात सापडलं होतं. घरी चार हाका मारल्याशिवाय जेवायला न उठणारी सतरा वर्षांची कार्टी माणसाचं एकटेपण शोधायला निघायची. आणि कॉलेजवाले ते ऐकून माना डोलवायचे. दोन दिवसांत चारशे गठ्ठे बघायचे म्हटल्यावर चमकणारी किटली दिसली की डोळ्यांना बरं वाटत असणार. बारा वर्षांत त्याची त्र्याहत्तर मुलं आत गेली.

एवढ्यावर तो थांबला असता तर मला त्याच्याबद्दल लिहायचं काही कारण नव्हतं. गावोगावी असले सर आहेत. पण गेल्या वर्षी त्या कॉलेजनं संध्याकाळचा एक वर्ग काढला, खास पस्तिशीच्या पुढच्या लोकांसाठी. मार्कांची अट नाही, शाळेच्या दाखल्याची नाही. स्वतः केलेली पंधरा चित्रं आणायची, मुलाखत द्यायची, बस्स. वयाची वरची मर्यादा पंचेचाळीस. फिनिशिंगला पंचेचाळीस पुरी झाली होती. म्हणजे हीच एक संधी, पुढच्या वर्षी दार बंद.

अर्ज घेऊन तो माझ्याकडे आला तेव्हा मी एका जिन्याची भिंत घासत होतो. मला वाटलं हे धंद्यासाठी चाललंय, कारण त्याच्या क्लाससमोर एका पदवीवाल्यानं नवा क्लास थाटला होता. मी तसं म्हणालो. तो नाही म्हणाला. दरवर्षी तो पोरांना घेऊन कॉलेजपर्यंत जायचा आणि वॉचमन पालकांना आणि सरांना फाटकाशीच थांबवायचा.

"दादा, मी त्र्याहत्तर पोरं आत पाठवली," तो म्हणाला. "आत काय आहे ते मला माहीत नाही."

मग त्यानं खरं काम सांगितलं. त्याला माझ्याकडून पंधरा चित्रांची आखणी हवी होती. फक्त आखणी. पुढचं तो करणार. मी सँडपेपर खाली ठेवला आणि त्याला म्हणालो की लग्न तुझं आहे, तर बोहल्यावर तूच उभा राहा. तो हसला. त्याला माझ्या टोमण्यांवर हसायची सवय आहे. एवढी वर्षं हसलाच आहे.

महिन्यानं त्याची बायको आली. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते, तिथूनच थेट आली होती. बाई कमी बोलणारी. म्हणाली की तो रोज सकाळी क्लासच्या आधी तीन तास कोऱ्या कागदासमोर बसतो. पेन्सिली तासतो, टोकं बघतो, पुन्हा तासतो. कागद कोराच राहतो. ती रोज पेन्सिलींची सालपटं झाडते आणि कागदावर धूळ बसू नये म्हणून त्यावरून फडकं फिरवते. एकाच कागदावर, महिनाभर.

"तुम्ही नुसते शेजारी बसलात तरी चालेल, दादा," ती म्हणाली. "त्यांना वाटतं तुम्हाला सगळं ठाऊक आहे."

मी तिला चहा दिला. आणि सांगितलं की वहिनी, मी पाट्या आखतो, माणसं आखत नाही. हे वाक्य मला तेव्हा फार ठसकेबाज वाटलं होतं. ती चहा पूर्ण न पिता गेली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत फिनिशिंगचा निरोप आला की पोर्टफोलिओ झाला, बघायला या. मी गेलो. टेबलावर पंधरा चित्रं पसरली होती आणि पंधराही चमकत होती. पहिलं बघितलं, दुसरं बघितलं, आणि मला कळलं. ही त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांची चित्रं होती. तो त्यांच्या घरोघरी जाऊन आला होता. प्रवेश झाल्यावर ती चित्रं कुणाला हवी असतात? आयांनी कपाटामागून काढून दिली, एकीनं गादीखालून, एकीनं तर वर आभार मानले, अडगळ गेली म्हणून. त्यानं कोपऱ्यातली पोरांची नावं रबरानं पुसली होती आणि तिथं आपली नखाएवढी सही केली होती.

मी म्हणालो, "ही पोरांची चित्रं आहेत."

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याचं काही नव्हतं. मी काहीतरी खुळ्यासारखं बोललो असं त्याला वाटलं.

"शेवटचा हात कुणाचा, दादा?" तो म्हणाला.

एवढा मोठा बाप्या, दोन मुलांचा बाप, आणि पंचवीस वर्षं हे धरून बसला होता. ज्याचा शेवटचा हात, त्याचं चित्र. पाटीच्या पत्र्यावरचा नियम त्यानं जगाला लावला होता. मी तिथंच त्याला खुर्चीवर बसवून सांगायला हवं होतं की बाबा, ती सही मानगूट धरण्यासाठी होती, आणि हा गठ्ठा घेऊन गेलास तर आज नाही पण मुलाखतीच्या खोलीत कुणीतरी तुझी मानगूट धरणार. मी सांगितलं नाही. मला हसू येत होतं. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचंय ना, घे म्हटलं. वर मी त्याच्याबरोबर जायलाही तयार झालो. तेवढा मोठा गठ्ठा स्कूटरवर धरायला माणूस लागतो हे निमित्त. मला मजा बघायची होती.

मुलाखतीच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि गठ्ठा चादरीत बांधून आला. मी मागं बसून तो धरला. पुलावर वारा असा घुसला की स्कूटर दोनदा कठड्याकडे गेली आणि मी त्या त्र्याहत्तर जणांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. कॉलेजच्या फाटकाशी वॉचमननं हात आडवा केला. फिनिशिंगनं मुलाखतीचं पत्र पुढं धरलं. वॉचमननं ते वाचलं, त्याच्याकडे बघितलं, या माणसाला तो बारा वर्षं फाटकाबाहेरच बघत आला होता, आणि बाजूला झाला. आत गेल्यावर फिनिशिंग चालायचा थांबला आणि झाडं, जिने, रंगाचे डाग पडलेल्या फरश्या बघत उभा राहिला. मी म्हणालो, चल, प्रदर्शन नंतर बघ.

मुलाखतीची खोली पहिल्या मजल्यावर होती. उकाड्यामुळे दाराला वीट लावून ते उघडं ठेवलं होतं आणि समोरच्या बाकावर मला बसायला मिळालं. म्हणजे नाटकाचं पुढच्या रांगेतलं तिकीट. आत तिघं होते. मधे पिकल्या दाढीचे प्राध्यापक, त्यांच्या एका बाजूला सारखा मोबाईल उलटा-सुलटा करणारा एक गृहस्थ, दुसऱ्या बाजूला पंचविशी-सव्विशीच्या एक मॅडम, डाव्या हातानं काहीतरी लिहीत बसलेल्या. फिनिशिंगनं चादर सोडली आणि गठ्ठा टेबलावर ठेवला. मॅडमनी मान वर केली आणि लिहायच्या थांबल्या. त्याला काही कळलं नाही. त्यानं विद्यार्थ्यांच्या तोंडाकडे कधी बघितलंच नव्हतं, कागदाकडे बघायचा.

प्राध्यापकांनी चित्रं चाळायला सुरुवात केली. सहाव्या-सातव्याला म्हणाले की तुमच्याकडे उजेड सगळा डावीकडूनच येतो वाटतं. मोबाईलवाला हसला. फिनिशिंगही हसला, त्याला ती स्तुती वाटली. मग किटली आली. प्राध्यापकांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी नेला आणि पुन्हा लांब धरला.

"यात दोन हात आहेत," ते म्हणाले. "वरच्या छटेच्या रेघा उजव्या हाताच्या आहेत. त्यांच्याखाली उलट्या बाजूला झुकलेल्या रेघा आहेत. खालचा माणूस डावखुरा आहे."

हे मात्र मला मानावं लागलं. माणसाला दिसत होतं. मग इतकी वर्षं त्या त्र्याहत्तर गठ्ठ्यांत काय दिसत होतं, ते त्याचं त्याला ठाऊक. त्यांनी विचारलं, किटलीच का काढलीत? फिनिशिंग सावरून बसला. हे त्याचं पाठ होतं. त्यानंच तर पाठ करून घेतलेलं. ही किटली रिकामी आहे, तो म्हणाला, पण तिच्यात पूर्वीच्या उकळण्याची आठवण आहे. आणि पुढं अडला. दुसऱ्यांकडून म्हणवून घ्यायची सवय, स्वतः कधी म्हटलं नव्हतं.

"मला वस्तूंमधलं माणसाचं एकटेपण शोधायचं आहे," मॅडम म्हणाल्या. टेबलाकडे बघतच. "सर, ही किटली माझी आहे. नऊ वर्षांपूर्वी याच खोलीत मी हे वाक्य म्हटलं होतं."

मी बाकावर पुढं सरकलो. मला वाटलं आता तो मेला. पण फिनिशिंगचा चेहरा फुलला. अगं, तू होय, म्हणाला. तिच्या आईनं चित्र देताना मुलगी नोकरीला लागली एवढं सांगितलं होतं. कुठं, हे यानं विचारलं नव्हतं. आत गेलं की पोर त्याच्या हिशेबी संपायचं. तो प्राध्यापकांकडे वळला आणि छाती काढून म्हणाला की ही माझी विद्यार्थिनी. मोबाईलवाल्यानंसुद्धा मोबाईल खाली ठेवला.

"मग हे चित्र कुणाचं?" प्राध्यापकांनी विचारलं.

"शेवटचा हात माझा आहे, साहेब."

"आणि पहिला?"

प्रश्नच नवा होता. हा प्रश्न त्याला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. त्यानं किटलीकडे बघितलं, मग शेजारच्या चित्राकडे, मग त्याच्या पलीकडच्या. एकेक करून पंधराही बघितली. आणि तेव्हा त्याच्या मानेचा रंग बदलला, मागून मला दिसला. त्यानं गठ्ठ्यावर चादर ओढायला हात पुढं केला.

मोबाईलवाल्यानं घड्याळ बघितलं आणि म्हणाला की झालं असेल तर पुढच्याला बोलवू. मॅडम म्हणाल्या की नाही. त्यांचं बोलणं मला नीट ऐकू आलं, कारण त्या प्राध्यापकांना कमी आणि त्याला जास्त सांगत होत्या. म्हणाल्या की इथं आल्यावर माझी पहिली दोन वर्षं सरांचा हात माझ्या कागदावरून खरवडण्यात गेली. किटली दिसली की मला अजून मळमळतं. पण मी आत आले ती त्यांच्यामुळेच. त्यांना एकदा कोरा कागद द्या.

कोपऱ्यात एक लाकडी स्टूल होतं. प्राध्यापकांनी ते खिडकीशी ठेवायला सांगितलं. उजेड उजवीकडून येत होता. अर्धा तास, हे स्टूल काढा, म्हणाले, आणि तिघं आपापसात बोलायला लागले.

फिनिशिंगनं सहा पेन्सिली ओळीनं मांडल्या. एक उचलली, ठेवली. दुसरी उचलली. दहा मिनिटं गेली. कागद पांढरा. मला वाटलं होतं तशी मजा येत नव्हती, तरी मी बघत होतो. मग तो पाणी प्यायच्या निमित्तानं उठून बाहेर आला. माठ बाकाच्या टोकाला होता. त्यानं पेला भरला, प्याला नाही. माझ्याकडे न बघता अगदी हळू म्हणाला,

"दादा, कुठून सुरू करू?"

आता सांगतो. याचं उत्तर मला माहीत होतं. स्टूल काढायचं तर बैठकीपासून सुरू करायचं नसतं, सगळे तिथंच फसतात. मागचा पाय जिथं जमिनीला टेकतो, तिथं पहिला ठिपका द्यायचा. तो पक्का झाला की बाकीचं स्टूल त्याच्यावर आपोआप उभं राहतं. पाटीचंही तसंच, अक्षराची तळरेघ आधी. चौदा वर्षांत फिनिशिंगनं माझ्याकडे तीन वेळा खडू मागितला होता. एकदा नवीन असताना, एकदा मी तापानं फणफणलेलो असताना, एकदा मालक गावाला गेले होते तेव्हा. आज मी आखू का, दादा. तिन्ही वेळा मी खडू खिशात घातला आणि म्हणालो, तुला नाही जमायचं. त्याला जमलं नसतं म्हणून नव्हे. त्याला शेवटचा हात येत होता आणि पहिलाही आला असता, तर मी कोण होतो? हे मला तेव्हाही समजत होतं.

आणि आता तो पेला धरून उभा होता. माझ्या तोंडाला जी सवय लागलेली, तेच तोंडातून आलं.

"इथंही दुसऱ्यानंच आखून द्यायचं का?" मी म्हणालो.

या वेळी तो हसला नाही. पेला माठावर ठेवला आणि आत गेला.

त्यानं सुरुवात बैठकीपासून केली. फसायचं तिथंच फसला. बैठक कलती झाली, पुढचे पाय लांब, मागचे आखूड, एक तर हवेतच. भिकार स्टूल होतं. दहावीतल्या पोरानं बरं काढलं असतं. पण रेघा त्याच्या होत्या, आणि तो खोडत नव्हता. मान खाली, कान लाल, जीभ बाहेर. अर्धा तास संपायला आठ-नऊ मिनिटं होती तेव्हा त्यानं पेन्सिल ठेवली. मॅडम उठून त्याच्या मागं आल्या. म्हणाल्या की सर, अजून वेळ आहे, सावली द्या, तुमचं तेच तर चांगलं आहे. त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"एवढंच माझं आहे," तो म्हणाला. "पुढचं मला येतं. ते दाखवायला नको."

आणि त्यानं सही केली नाही. मी बघत होतो.

यादी संध्याकाळी लागली. संध्याकाळच्या वर्गाच्या यादीत बावीस नावं होती, त्याचं नव्हतं. त्याच फळ्यावर शेजारी दिवसाच्या कॉलेजची यादी होती, मुलांची. तिच्यात त्याच्या क्लासची दोन पोरं होती. त्यांच्या किटल्या महिन्याभरापूर्वी त्यानंच चमकवल्या होत्या. त्याच खोलीनं, त्याच तिघांनी, त्या दोघांना आत घेतलं आणि याला वाटाण्याच्या अक्षता लावल्या. त्यानं दोन्ही याद्या बोट फिरवत शेवटपर्यंत वाचल्या. मग दोन पोरांच्या घरी फोन करून अभिनंदन केलं. मला म्हणाला, चला, वारा पडलाय तोवर पूल ओलांडू.

हे एवढं लिहिताना मी कॉलेजवाल्यांना नावं ठेवली, आयांना ठेवली, त्याला तर पोटभर ठेवली. ती सगळी खरी आहेत आणि मी एकही मागं घेत नाही. पण मागचा पाय जिथं टेकतो तिथून, एवढे पाच शब्द माझ्याजवळ होते आणि ते द्यायला मला काही खर्च पडणार नव्हता. मी नीच वागलो. त्या दिवशीच नाही, पंचवीस वर्षं वागलो. त्या दिवशी फक्त दार उघडं होतं आणि मी समोर बसलो होतो.

आता क्लासात तो पोरांच्या कागदाला हात लावत नाही, असं ऐकतो. निम्मी पोरं समोरच्या पदवीवाल्याकडे गेली. त्याची बायको दवाखान्याच्या खिडकीवर दिसली तर काम असल्यासारखी खाली बघते. मी एकदा आपणहून त्याच्याकडे गेलो, स्टूल कुठून काढायचं ते सांगायला. तो कागदावर काहीतरी काढत बसला होता, वाकडंतिकडंच. त्यानं उठून मला खुर्ची दिली, चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली. मी तासभर बसलो. त्यानं मला काहीच विचारलं नाही.